तीन मॅचेसची टेप

नॉटिंगहॅमच्या आमच्या मराठी मंडळात डोळे मिटून खडा मारला तरी तो डॉक्टरलाच लागतो. सर्जन आहेत, भूलतज्ज्ञ आहेत, लहान मुलांचे आहेत, मनाचे आहेत. त्या गर्दीत फिजिओथेरपिस्ट मी एकटी. त्यामुळे दिवाळीच्या कार्यक्रमात डॉक्टरांना कुणी काही विचारत नाही, सगळे माझ्याकडे येतात. "सुनंदाताई, हा खांदा जरा बघता का?" फराळाची प्लेट एका हातात धरून दुसऱ्या हातानं मी किती खांदे चाचपले असतील, देव जाणे. खरं म्हणजे खांदा हे माझं खातंच नव्हे. माझा मुलूख मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत. सरकारी हॉस्पिटलच्या हातांच्या क्लिनिकमध्ये मी सव्वीस वर्षं काढली.

या कामाला बाहेरचे लोक मालिश समजतात. मालिश त्यात थोडंच असतं. जास्त असतं ते थांबवणं. हात ही वस्तू अशी आहे, की माणूस ती दुखली तरी वापरतच राहतो, आणि ती वापरू न देणं हे माझं काम. त्यासाठी आमच्याकडे प्लॅस्टिकचे पत्रे येतात. गरम पाण्याच्या ट्रेमध्ये टाकले की ते उकडीसारखे मऊ होतात. मग तो तुकडा रुग्णाच्या हातावर ठेवायचा आणि थंड होऊन कडक होईपर्यंत आपल्या तळव्यांनी दाबून धरायचा. दोन-तीन मिनिटं तुम्ही एका परक्या माणसाचा हात धरून बसलेले असता. त्या दोन-तीन मिनिटांत लोक काय काय सांगतात! एका बस ड्रायव्हरनं बायको सोडून गेल्याचं पहिल्यांदा मला सांगितलं होतं. मी त्याला स्प्लिंट, म्हणजे हात जखडून ठेवणारा तो साचा, घातला आणि म्हटलं, सहा आठवडे स्टिअरिंगला हात लावायचा नाही. तो चिडला, गयावया करायला लागला. मी हसून पुढच्या पेशंटला हाक मारली. असले नकार मी दिवसाला चार-पाच देत असे, आणि संध्याकाळी घरी येऊन नीट जेवत असे.

जून महिन्यात मात्र मी वेगळी बाई असायची. गावात हिरवळीच्या कोर्टांवर बायकांची एक छोटी टेनिस स्पर्धा भरायची. तिथे फिजिओ लागायची. पहिल्या वर्षी कुणीतरी आजारी पडलं म्हणून मी गेले आणि नंतर दरवर्षी रजा टाकून जाऊ लागले. टेनिस म्हटलं की तुम्हाला टीव्हीवरचं दिसतं. पण त्याच्या खाली एक मोठं तळघर आहे. जगात पहिल्या शंभरात नसलेल्या, पण दोनशेच्या आसपास असलेल्या मुली तिथे राहतात. आठवड्याला एक गाव, स्वतःचे कपडे स्वतः धुवायचे, हरलं की त्याच संध्याकाळी पुढच्या गावाची ट्रेन. त्यांना माझं आडनाव कधी जमलं नाही. सुनंदाचंही 'सनी' झालं. पॅव्हिलियनच्या मागे एक खोली, एक टेबल, बर्फाची पेटी आणि सांध्यांना गुंडाळायच्या चिकट टेपची खोकी, एवढा माझा संसार.

गिऱ्हाइकं अजब. एकीनं धडधाकट गुडघ्याला टेप करून मागितली. "पण हा दुखत नाहीये," मी म्हटलं. "मला माहितीय," ती म्हणाली, "पण समोरचीला माहीत नाही." समोरचीनं सगळी मॅच चेंडू जाळीजवळ टाकले आणि ही हरणासारखी धावून जिंकली. मी टेप केली होती, हे कबूल करते. मुली खूश झाल्या की मला बरं वाटायचं. हॉस्पिटलमध्ये कोण खूश होतं?

तिथे मला व्लास्ता भेटली. नव्या शतकाची पहिली एक-दोन वर्षं असतील. व्लास्ता एकोणीस वर्षांची, चेक, उंच, हाडापेरानं मजबूत, बोलताना ओठांवर हात धरायची, कारण पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते. तिला तिच्या आईनं जुन्या गाडीतून आणलं होतं. अर्धा युरोप ओलांडून, मग फेरीनं समुद्र ओलांडून. आई काचेच्या कारखान्यात झुंबरांचे लोलक घासायची. तिला इंग्रजीचा गंध नव्हता. मी डब्यातून शंकरपाळे नेले होते, ते तिनं तोंडात टाकले आणि डोळे मोठे करून लेकीला काहीतरी सांगू लागली. व्लास्ता म्हणाली, "आई विचारते, तुम्हाला हे कुणी शिकवलं? आमच्याकडे सणाला असंच तळतात." त्या दिवसापासून आमचं जमलं. व्लास्ताचं इंग्रजी तोडकं होतं. मी इथे ते मराठीत लिहिते आहे, तेवढं सफाईदार ते नव्हतं.

तिचा बॅकहॅन्ड बघायला मी खोली सोडून बाहेर यायची. दोन्ही हातांनी रॅकेट धरून ती चेंडू रेषेला समांतर असा मारायची, की समोरची नुसती मान वळवायची. बाकी खेळ बेताचा. त्या एका फटक्यावर ती दोनशेच्या आसपास टिकून होती.

नॉटिंगहॅमनंतर लगेच लंडनला ती सगळ्यांना माहीत असलेली मोठी स्पर्धा. दोनशेच्या आसपासच्या मुलींना तिथे थेट प्रवेश नसतो. आधी दुसऱ्याच एका मैदानावर पात्रता फेरी खेळायची, तीन मॅचेस. तिन्ही जिंकल्या तर आत. व्लास्ता तीन वर्षं ओळीनं तिथे हरली. चौथ्या वर्षी ती एकटीच आली. आईचे डोळे अधू झाले होते, इतकं अंतर गाडी चालवणं तिला झेपत नव्हतं. व्लास्ता म्हणाली, "हे शेवटचं, सनी. या वर्षी आत गेले तर पुढे खेळेन. नाहीतर घरी. कारखान्याच्या ऑफिसात आईनं शब्द टाकलाय."

त्या वर्षी उपांत्यपूर्व फेरीच्या मॅचमध्ये तिनं मला कोर्टावर बोलावलं. अशा वेळी फिजिओला तीन मिनिटं मिळतात. ती खुर्चीवर बसली होती, डावं मनगट पुढे केलेलं. मी करंगळीच्या बाजूला अंगठा ठेवला आणि म्हटलं, "तळवा वर कर." तिनं तळवा वर केला आणि माझ्या अंगठ्याखालून काहीतरी टुणकन उडालं.

ते काय होतं, सांगते. मनगटाच्या त्या बाजूला हाडात एक खाच असते आणि तिच्यातून एक कंडरा जाते, दोरीसारखी. ती जागेवर राहावी म्हणून वरून एक पातळ आवरण असतं. ते फाटलं, की तळवा वर केल्यावर दोरी खाचेतून बाहेर उडते. लगेच स्प्लिंट घालून सहा आठवडे हात स्थिर ठेवला तर आवरण बहुतेक वेळा जुळून येतं. तसंच खेळत राहिलं तर आवरण पार उसवतं, दोरी हाडावर घासून विरते, आणि मग ऑपरेशन. बस ड्रायव्हरलाही नेमकं हेच झालं होतं.

मी तिला ते सांगितलं. ती हसली. "सहा आठवडे? सोमवारी माझी पहिली मॅच आहे." पंच घड्याळ बघत होता. मी टेप केली. ती जिंकली, आणि दुसऱ्या दिवशीची उपांत्य फेरी तिनं सोडून दिली.

रविवारी दुपारी ती आमच्या घरी आली. मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते. माझा नवरा श्रीकांत, तो भूलतज्ज्ञ, ओट्यापाशी चहाचं बघत होता. व्लास्ता टेबलाशी बसली आणि तिनं हात माझ्यासमोर ठेवला.

"सनी, खेळू का?"

"स्पर्धेच्या डॉक्टरांना दाखवलंस?"

"नाही. मला तुमचं मत पाहिजे. तुम्ही माझा हात ओळखता."

काय सांगू, त्या वाक्यानं मी किती फुगले. हॉस्पिटलमध्ये मोठमोठे सर्जन माझ्या नोट्स न वाचता सही करायचे आणि ही मुलगी म्हणत होती, तुम्ही माझा हात ओळखता. मी पुन्हा अंगठा ठेवला. पुन्हा ते टुणकन उडणं. मला उत्तर माहीत होतं. अगदी स्वच्छ माहीत होतं. पण समोर तिचं ते पुढे झुकलेलं तोंड होतं, आणि त्याहून खरं सांगायचं तर तो बॅकहॅन्ड मला मोठ्या मैदानावर बघायचा होता. मंडळात सांगायला मिळालं असतं, की ही माझी मुलगी.

"नीट टेप केली," मी म्हटलं, "तळवा पूर्ण वर जाणार नाही अशी, तर तीन मॅचेस निघतील. नंतर लगेच स्प्लिंट. प्रॉमिस?"

"प्रॉमिस."

"टेप करायला मी येते लंडनला."

तिनं मला मिठी मारली. पोहे दोनदा घेतले. ती गेल्यावर श्रीकांतनं कप विसळता विसळता विचारलं, "पेशंट असती तर काय सांगितलं असतंस?"

"तिचा निर्णय आहे तो."

"हो, पण तिनं तुला विचारलं होतं ना?" एवढंच बोलून तो बाहेर बागेत गेला. मला त्याचा राग आला. ज्याचं म्हणणं खोडता येत नाही, त्याचा येतो तसा.

हॉस्पिटलमधून आणखी आठवडाभर रजा काढून मी लंडनला गेले. पात्रता फेरीच्या मैदानावर ना स्टॅन्ड, ना झेंडे. कोर्टांच्या रांगा आणि जाळीबाहेर उभे राहिलेले आईबाप. तिथली फिजिओ वेगळी, तिच्या खोलीत मला प्रवेश नव्हता. मी बाहेर बाकावर व्लास्ताची टेप करायची. आधी पातळ स्पंज, मग पांढरी टेप, तिरकी, एकावर एक, तळव्याला अर्ध्यावर अडवणारी. आयुष्यात मी इतकी चांगली टेप केली नसेल. पहिली मॅच ती जिंकली. दुसरी अटीतटीची झाली, तीही जिंकली. संध्याकाळी तिनं आईला फोन लावला आणि रिसीव्हर माझ्या कानाला लावला. पलीकडून आई काहीतरी भरभर बोलत होती आणि रडत होती. मला एक शब्द कळला नाही. मी मराठीत म्हटलं, "काळजी करू नका, मी आहे."

तिसऱ्या मॅचचा पहिला सेट तिनं घेतला. दुसऱ्यात ती पाच-तीन पुढे होती. मी जाळीला नाक लावून उभी होते. समोरचीनं एक खोल, साधाच चेंडू टाकला. व्लास्ता डावीकडे वळली, दोन्ही हात मागे नेले. फटका बसला तो मी बघितला, चेंडू रेषेवर पडून गेला तोही बघितला. पॉइंट तिचाच होता. पण रॅकेट तिच्या उजव्या हातात लोंबत होती आणि डावा हात तिनं पोटाशी धरला होता, लहान मूल धरावं तसा.

तिनं खेळून बघितलं. एका हातानं. पाच-तीनचं पाच-चार झालं, मग पाच-पाच. दोन गेम्स मी उभी राहून बघितले आणि एकदाही ओरडले नाही, की बास, बाहेर ये. ओरडायचा मला काय अधिकार होता? शेवटी तिनंच पंचाकडे जाऊन हात मिळवला आणि मॅच सोडली.

मला फिजिओच्या खोलीत तेव्हा जाऊ दिलं. तिथली फिजिओ माझ्याच वयाची इंग्रज बाई होती. ती कात्रीनं टेप कापत होती. कापता कापता तिनं विचारलं, "ही कुणी केली?"

"मी."

तिनं पांढऱ्या टेपचं ते टरफल उलटंपालटं करून बघितलं. "फार सुंदर काम आहे," ती म्हणाली, आणि ते डब्यात टाकलं. माझ्याकडे बघितलं नाही. मला आयुष्यात बरीच बोलणी बसली आहेत. त्यातलं एकही त्या कौतुकाइतकं लागलं नाही.

ऑपरेशन तिकडे प्रागला झालं. एक वर्ष ती खेळली नाही. सुरुवातीला तिची ईमेल्स यायची, दोन-दोन ओळींची: स्प्लिंट निघाला, बोटं हलतात, आई नमस्कार सांगते. मी लांबलचक व्यायाम लिहून पाठवायची. एका ओळीत 'मी चुकले' असं लिहायला मला जमलं नाही. मग तिची पत्रं थांबली. जेवणाच्या सुट्टीत मी हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर निकाल बघायची. 'नाहीतर घरी' म्हणाली होती, पण वर्षभरानं ती पुन्हा खेळू लागली होती. कुठल्या कुठल्या गावांतल्या छोट्या स्पर्धा, पहिल्या फेरीत तिचं नाव, दुसऱ्या फेरीत नाही.

दोन वर्षांनी ती एकदा नॉटिंगहॅमला आली. मी खोलीच्या दारातून बघितलं. ती पलीकडच्या बाकावर बसून स्वतःच स्वतःच्या मनगटाला टेप करत होती, टोक दातांनी धरून. मी वीस पावलांवर होते. माझ्या टेबलावर दुसरी मुलगी पोटरी धरून झोपली होती, हे निमित्त मला पुरलं. व्लास्ता दोन हातांचा बॅकहॅन्ड मारतच नव्हती. एका हातानं चेंडू नुसता कापत होती, जपून, म्हातारी माणसं फरशीवर पाऊल टाकतात तसं. तासाभरात हरली आणि गेली. पुढच्या जूनपासून मी स्पर्धेला जाणं बंद केलं. मुलींना वाटलं, सनी दमली.

त्यानंतर काही वर्षांनी, माझ्या निवृत्तीच्या आधीच्या उन्हाळ्यात, मानसीचा फोन आला. मानसी माझी मुलगी, जन्म इथलाच, लंडनच्या एजवेअर भागात राहते. ती माझ्या नातीला, रियाला, टेनिसला घालणार होती. "आई, इकडे पार्कमध्ये एक चेक कोच आहे. खूप स्ट्रिक्ट आहे, पण सगळे गुजराती मम्मीज तिच्यावर फिदा आहेत. नाव व्लास्ता."

तिचा देश युरोपीय संघात आल्यापासून अशी बरीच माणसं इकडे कामाला आली होती. मी पुढच्या शनिवारी ट्रेननं गेले.

कोर्टावर दहा-बारा मुली ओळीत उभ्या होत्या. व्लास्ता उजव्या हातानं चेंडू टाकत होती. "गुडघे! गुडघे वाकवा! आजीसारखं नाही!" डावा हात ट्रॅकसूटच्या खिशात. दात तिनं नीट करून घेतले होते. मला बघून तिनं ओळखलं, हातातला चेंडू खाली ठेवला आणि मुलींना पाणी प्यायला पाठवलं.

आम्ही कुंपणापाशी उभ्या राहिलो. आईची विचारपूस झाली. आई गेल्या वर्षी गेली होती. ट्रेनमध्ये मी जे शंभर वेळा घोकलं होतं, ते बाहेर काढलं. "व्लास्ता, त्या रविवारी मी तुला खोटं सांगितलं. मला माहीत होतं, तू खेळायला नको होतंस."

तिनं गळ्यातली शिट्टी हातात घेतली. मग म्हणाली, "मलाही माहीत होतं."

"म्हणजे?"

"स्पर्धेच्या डॉक्टरांनी शनिवारीच नाही म्हटलं होतं. घरच्या डॉक्टरनं फोनवर नाही म्हटलं. माझ्या जुन्या कोचनं नाही म्हटलं. मग मी तुमच्याकडे आले."

"माझ्याकडे का?"

"कारण तुम्ही हो म्हणाल, हे सगळ्या मुलींना माहीत होतं." ती हे टोचून बोलली नाही. मुलींना ग्रिप समजावून सांगावी, तशी सांगत होती. "तुम्ही चांगल्या होतात, सनी. सगळ्यांना आवडायचात."

मला वाटलं होतं, ती रागावेल, किंवा माफ करेल. दोन्हींची माझी तयारी होती. ही तिसरी गोष्ट माझ्या ध्यानीमनी नव्हती. तुम्ही माझा हात ओळखता, असं ती म्हणाली होती. खरं तर तिनंच मला ओळखलं होतं. इतकी वर्षं मी समजत होते, की एकदा, एका मुलीच्या मायेपोटी, माझा पाय घसरला. तिथल्या मुलींना मात्र ती माझी ख्याती म्हणून ठाऊक होती.

"मला हात बघू देशील?" मी विचारलं.

"नको," ती म्हणाली. हात खिशातून काढलाच नाही. "आता दुखत नाही. फक्त दुकानात सुटे पैसे घ्यायला तळवा वर होत नाही, मग हा दुसरा पुढे करते. सवय झाली." तिनं शिट्टी वाजवली. मुली धावत आल्या. जाता जाता वळून म्हणाली, "नातीला पाठवा. तिला मी नीट शिकवेन." आणि पाठ फिरवून ओळीतल्या पहिल्या मुलीचा खांदा सरळ करू लागली.

पुढच्या वर्षभरात, निवृत्त होईपर्यंत, मी क्लिनिकमध्ये हात तपासत राहिले. लोक म्हणायचे, सुनंदा अलीकडे फार कडक झाली आहे. कडक झाले होते की घाबरट, मला सांगता येणार नाही.

त्या शनिवारी मानसी मला न्यायला गाडी घेऊन आली होती. कोर्टाकडे बघत तिनं विचारलं, "आई, ती तुझी पेशंट होता ना? नॉटिंगहॅमचा?" तिचं मराठी असंच आहे, पुरुष-बायकांची गल्लत करणारं, पण प्रश्न सरळ विचारणारं. "मग बरी झाली का ती?"

मी पट्टा लावला. "नाही," मी म्हटलं. "बरी नाही झाली. आणि 'खेळ' असं तिला मीच सांगितलं होतं."

मानसीनं किल्ली फिरवली नाही.